ग्लासगोला जाणारा कोट

प्रभाकर टिपणीस ग्लासगोला जायला पाच दिवस उरले आणि त्याच्या बायकोच्या, उत्तराच्या लक्षात आले की भर आषाढात डोंबिवलीहून कोरडे कपडे परदेशी पाठवणे हे माणसाच्या हातातले काम नाही. गेले आठ दिवस ऊन असे पडलेच नव्हते. वळणीवरचा सदरा सकाळी जितका ओला असे तितकाच संध्याकाळी असे. फक्त त्याचा वास तेवढा वाढलेला असे.

प्रभाकर ठाण्याच्या एका यंत्रांच्या कारखान्यात होता. कारखान्याने स्कॉटलंडातून नवी यंत्रे मागवली होती आणि ती चालवायला शिकण्यासाठी त्याला आठ महिने तिकडे धाडायचे ठरले होते. बावन्न सालच्या डोंबिवलीत विलायतेला जाणारा माणूस बघायला लोक खाचरांतून चिखल तुडवत येत. पण येणाऱ्यांना चहा देण्यापलीकडे उत्तराला त्याचे काही कौतुक उरले नव्हते. बोटीच्या तिकिटाबरोबर कारखान्याने एक टंकलिखित कागद दिला होता आणि त्या कागदाने तिची झोप उडवली होती. ग्लासगोची हवा पावसाळी व लहरी असून एकाच दिवसात ऊन, वारा, पाऊस व थंडी यांची प्रचिती येते. तरी उमेदवाराने सर्व ऋतूंचे कपडे, विशेषतः एक उत्तम ओव्हरकोट सोबत बाळगावा, असे त्यात होते. उत्तराने तो इतक्या वेळा वाचला होता की घडीवर तो विरला होता. प्रभाकरने तो एकदाच वाचला होता.

"अगं, तिथे माणसंच राहतात," तो म्हणे. "ती काय मरतात थोडीच?"

"त्यांना मागच्या पौषात न्यूमोनिया झाला नव्हता," उत्तरा म्हणे.

 त्या पौषात प्रभाकर एकवीस दिवस अंथरुणाला खिळला होता. कल्याणचे डॉक्टर दोनदा येऊन गेले होते आणि दुसऱ्या खेपेला जाताना ते काही न बोलता नुसतेच पायरीवर थांबले होते. ते थांबणे उत्तरा विसरली नव्हती. तेव्हापासून जरा गार वारा सुटला की तिचे कान त्याच्या खोकल्याकडे लागत.

शिंप्याकडून लोकरीचा सूट आला. नणंदेने विणलेले दोन स्वेटर आले. फ्लॅनेलचे सदरे, मफलर, पायमोजे, रेनकोट, सगळे जमले. ओव्हरकोट तेवढा जमेना. नवा घेण्याची गोष्टच नको होती, आणि उसना मागावा तर डोंबिवलीत ओव्हरकोट असणार कोणाकडे?

तो होता हवालदार गुणाजी शेलारांकडे. टिपणीस राहत त्याच कौलारू चाळीत शेवटच्या खोलीत ते राहत. मूळचे सातारकडचे. लढाईत दोन हिवाळे इटलीत काढून आलेले आणि आता मुलींच्या शाळेच्या फाटकावर पहारा करणारे. बायको नव्हती, मूलबाळ नव्हते. होत्या त्या भरघोस मिशा. साऱ्या चाळीत परदेशची थंडी अंगावर घेतलेला हा एकच माणूस, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा.

"तिथला पाऊस वरनं पडत न्हाई, वैनी," ते उत्तराला सांगत. "आडवा येतो आन् कालरीतनं आत शिरतो. छत्री घ्या न्हाईतर पंचा घ्या, एकच."

हे ऐकून उत्तरा पेटीतले स्वेटर पुन्हा मोजून बघे. ती धास्ती बहुधा तोंडावर दिसली असावी, कारण रविवारी सकाळी हवालदार स्वतःच आपला लष्करी ओव्हरकोट घेऊन दारात उभे राहिले. पांढऱ्या धोतरात गुंडाळून, दोन्ही हातांवर आडवा, नैवेद्याचे ताट आणावे तसा त्यांनी तो आणला होता.

प्रभाकरने कोट अंगात घातला आणि तो दिसेनासा झाला. खालची कड घोट्याला टेकली, बोटे बाह्यांत बुडाली.

"यात अजून एक माणूस मावेल," तो आतून म्हणाला.

"मावतो की," हवालदार गंभीरपणे म्हणाले. "आमचा एक जोडीदार व्हता. बरफात आमी दोघं यातच बसलेलो. उबेला माप नसतं, साहेब. ह्यो कोट नसता तर म्या आज हितं नसतो."

मग हसायची सोय राहिली नाही. उत्तराने कोट दोन्ही हातांनी घेतला आणि तिचे डोळे भरून आले. काही कृतज्ञतेने आणि बरेचसे वासाने. त्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, विडीचा होता, सात वर्षे बंद असलेल्या पेटीचा होता, आणि या सगळ्यांच्या खाली एक जनावराचा वास होता. तो खेचरांचा, असे हवालदारांनीच सांगितले.

संध्याकाळपर्यंत वास घरभर झाला. रात्रीच्या वरणाला तो लागला. पेटीतला नवा सूट उत्तराने हुंगून पाहिला, तर तोही इटलीतून आल्यासारखा. असला कोट घालून नवरा गोऱ्या साहेबांच्या पंगतीला बसणार या कल्पनेने तिला कानकोंडे झाले. धुवावा की नाही? पण दोन हिवाळे पावसात भिजून ज्याला काही झाले नाही त्याला एकदा डोंबिवलीच्या विहिरीचे पाणी लागले म्हणून काय होणार, असा तिने विचार केला. विचारात चूक नव्हती. चूक पाणी तापवण्यात झाली.

सोमवारी प्रभाकर कामावर गेल्यावर तिने आणि धुण्याला येणाऱ्या आवडाबाईने तो कोट कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवला. आवडाबाई जवळच्या पाथर्लीची, अंगाने दणकट. तिने कोट आपटून आपटून सात पाणी काढली. सातवे पाणीही चहासारखेच होते. मग उचलायला गेल्या तर कोट उचलेना.

"बाय, ह्यो कोट नाय, म्हसरू हाय," आवडाबाई म्हणाली. "पानी पिऊन बसलाय."

दोघींनी मिळून तो दोरीवर चढवला. दोरी तुटली. कोट चिखलात बसला. पुन्हा तीन पाणी झाली. शेवटी उत्तराने आतल्या खोलीत वाशाला दोन दोरखंड बांधून त्यात बांबू अडकवला आणि कोट त्यावर घातला. खाली घंगाळ ठेवले. कोट त्यात टप टप करू लागला, आणि त्या आवाजात उत्तराने उरलेला दिवस काढला. तिन्हीसांजेला तिने बाही पिळून पाहिली. सकाळी पिळली होती तेवढेच पाणी निघाले.

एवढ्यात बाहेरून खाकरल्याचा आवाज आला.

"वैनी, कोट गेला का पेटीत?"

"जातोय," उत्तरा म्हणाली आणि मधले दार लोटून घेतले.

हवालदार बाहेरच्या खोलीत बसले आणि बर्फात पाय कसे काळे पडतात ते सांगू लागले. सांगता सांगता थांबले. आतून टप, टप ऐकू येत होते.

"घर गळतंय व्हय?"

उत्तराने जन्मात फारसे खोटे सांगितले नव्हते, त्यामुळे तिला सवय नव्हती. हो म्हणावे तर पंचाईत, नाही म्हणावे तर आवाज कसला? "थोडंसं," ती म्हणाली. "फार नाही."

"कुठल्या अंगाला?"

तिने हात वर करून सुचेल तिकडे बोट दाखवले. भिंतीपलीकडे, आतल्या खोलीच्या कोपऱ्याच्या दिशेने.

"एवढंच ना," हवालदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ते शिडी लावून छपरावर होते. उत्तरा अंगणात भिजत उभी राहून "राहू द्या, हवालदार, पावसात कशाला," असे म्हणत होती. पण जो शत्रूच्या गोळीबारात डोंगर चढला होता तो एका बाईच्या 'राहू द्या'ला काय दाद देणार? त्यांनी त्या कोपऱ्यावरची दहा-बारा कौले काढली, पुसली, मोठ्या काळजीने पुन्हा बसवली आणि खाली उतरून मिशा पिळल्या.

"आता एक थेंब आला तर नाव बदलीन."

दुपारी दोनला धार लागली. थेंब नव्हे, धार. आजवर ज्या घरात कधी गळले नव्हते त्या घरात, नेमक्या त्या कोपऱ्यात. आणि त्या कोपऱ्यात, हवा लागावी म्हणून झाकण उघडे टाकलेली, प्रभाकरची भरलेली पेटी होती. उत्तरा विहिरीवरून येऊन बघते तो सूट पोहत होता, स्वेटर फुगले होते आणि फ्लॅनेलच्या सदऱ्यांना मफलरचा लाल रंग लागला होता. कागदात लिहिलेले सगळे ऋतू भिजले होते.

तिला रडू आले नाही. रडायलाही अंगात थोडी उमेद लागते. ती पेटीशेजारी पाटावर बसली आणि कोटाखालचे घंगाळ उचलून तिने धारेखाली ठेवले आणि धारेखालची बादली कोटाखाली. त्याने काहीच फरक पडत नव्हता, पण काहीतरी करायला हवे होते.

संध्याकाळी प्रभाकर आला. त्याने वर पाहिले, खाली पाहिले.

"घर गळायला लागलं?"

"दुरुस्त केलंय," उत्तरा म्हणाली.

मग तिने पहिल्यापासून सांगितले. प्रभाकर पेटीच्या काठावर बसून ऐकत होता. मध्येच त्याला हसू आले, पण हसताना खोकला आला आणि बायकोचा चेहरा पाहून त्याने दोन्ही आवरले.

"तीन दिवस आहेत अजून," तो म्हणाला. "वाळेल गं."

"काय वाळेल? परवाचा पंचा वाळलेला नाही."

त्यातल्या त्यात वाट दाखवली ती आवडाबाईने. बुधवारी सकाळी ओले ढीग पाहून तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "बाय, सगल्या डोंबिवलीत आज कोरडी जागा एकच. काळुरामची भट्टी."

काळुरामची बेकरी स्टेशनच्या रस्त्याला होती. उत्तरा टांग्यात तीन गाठोडी आणि तो कोट घालून गेली. कोट चढला तेव्हा टांगा मागे झुकला आणि घोड्याने मान वळवून पाहिले. काळुराम पिठाने माखलेल्या हातांनी बाहेर आला. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने हात फडक्याला पुसले.

"ताई, माझ्या भट्टीवर टोस होतात, खारी होते. सूट कधी केला नाय."

"नुसती ऊब द्यायची. शेजारच्या खोलीत टांगून ठेवा. त्यांना परवा बोटीवर चढायचंय हो." 

काळुरामने तिच्याकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले. "ठेवा. पन गिऱ्हाइकाला बोलू नका. आन् उद्या दुपारी न्या."

गुरुवारी दुपारी ती गेली तेव्हा सूट खडखडीत वाळला होता. स्वेटर वाळले होते. सदरे गुलाबी पडले होते तरी कोरडे होते आणि सगळ्यांना जिऱ्याच्या बिस्किटांचा सुरेख वास येत होता. चार दिवसांत पहिल्यांदा उत्तराने पुरता श्वास घेतला. एवढ्यात काळुराम आतून आणखी एक कपडा घेऊन आला.

"आन् हा तुमच्या मुलाचा."

"मला मूल नाही अजून," उत्तरा म्हणाली, आणि मग तिने बटणे ओळखली.

"लई ओला होता ना," काळुराम म्हणाला, "म्हनून याला मी भट्टीच्या पाठीलाच लावला. रातभर. मलाबी वाटलं, आनला तेवा मोठा होता. पाव घातला तर फुगतो, ताई. लोकर फुगत नाय वाटतं."

परतीच्या वाटेवर टांगा हलका होता. उत्तरा कोट मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला काहीही सुचत नव्हते. दुसऱ्याची वस्तू. नुसती वस्तू नव्हे, ज्याने त्या माणसाला जिवंत परत आणले ती वस्तू. ती धुऊन, पाडून, उकडून, भाजून तिने मुलाचा अंगरखा करून ठेवला होता. वर नवऱ्याच्या छातीला आता काहीच नव्हते.

प्रभाकरने आल्या आल्या कोट उलगडून पाहिला आणि सहज अंगात घातला. मग बटणे लावली. मग आरशाकडे गेला.

"अगं, इकडे बघ."

उत्तराने पाहिले. बाही मनगटाशी थांबली होती. खांदा खांद्यावर होता. लोकर आटून जाड आणि घट्ट झाली होती, रंग उजळला होता आणि कोट गुडघ्याखाली वीतभर जाऊन व्यवस्थित संपत होता. माप घेऊन शिवल्यासारखा. प्रभाकर बुटका आहे हे काळुरामला ठाऊक नव्हते, एवढेच.

दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहून हसले. पण ते हसू फार टिकले नाही.

"हवालदारांना काय सांगायचं?" उत्तरा म्हणाली.

"आठ महिन्यांनी सांगू."

"तुम्ही आठ महिन्यांनी सांगाल. मला ते उद्या विहिरीवर भेटतील."

शुक्रवारी सकाळी पेटी भरली, बंद झाली, दोऱ्या आवळल्या. कोट पेटीत मावेना, म्हणून प्रभाकरने तो अंगातच घातला आणि देवाला नमस्कार करायला वाकला. सरळ झाला तेव्हा दारात हवालदार उभे होते. निरोप द्यायला म्हणून धुतलेला सदरा आणि लाल फेटा घालून आले होते.

त्यांनी प्रभाकरला वरून खालपर्यंत पाहिले.

"नवा घेतला?"

प्रभाकरने छपराकडे पाहिले.

"झाक हाय," हवालदार म्हणाले. त्यांनी फेटा सारखा केला. "बरं केलंत. माझा जुना, साहेब लोकांत शोभला नसता. म्या आपलं उगंच." ते हसले. "तेवढा द्या मंग. पेटीत ठिवून टाकतो."

उत्तराला ते हसणे सहन झाले नाही. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी बरे वाटले असते. तिने एका दमात सगळे सांगून टाकले. वास, सोडा, दोरी, टपटप, बोट दाखवले ती भिंत, पेटीवरची धार, भट्टी. सांगून झाल्यावर खाली मान घालून उभी राहिली.

"वैनी, चेष्टा करू नगा," हवालदार म्हणाले.

तेव्हा तिने नवऱ्याच्या अंगातला कोट काढून घेतला, उलटा केला आणि आतला खिसा त्यांच्यापुढे धरला. खिशाच्या कडेला काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते, पुरुषाच्या हाताचे. हवालदारांनी त्यांवरून अंगठा फिरवला आणि ते पेटीवर बसले.

बाहेर पाऊस कोसळत होता. घंगाळात धार पडत होती. 

"धुतला व्हय," ते म्हणाले.

"हो."

"सोड्यात."

"हो."

ते उठले, फेटा काढून पेटीवर ठेवला आणि कोट अंगात घातला. एक एक करून बटणे लावली, वरचे तेवढे सोडून. मग बाह्या झटकल्या. उत्तरा पाहतच राहिली. चार वर्षांत तिच्या कधी ध्यानात आले नव्हते की हवालदार आणि तिचा नवरा एकाच उंचीचे आहेत. हवालदार उंच वाटत ते मिशांमुळे.

"आरसा हाय का?"

प्रभाकरने निमूटपणे आरसा भिंतीवरून काढून त्यांच्यापुढे धरला. हवालदारांनी डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, पाठीमागून पाहता येईना म्हणून मान पुष्कळ वळवली.

"बोटीवर चढायच्या वक्ताला स्टोअरवाल्यानं समद्यांत मोठा कोट माझ्या अंगावर फेकला," ते आरशाला सांगावे तसे सांगू लागले. "म्या म्हनलं, लहान द्या. तर म्हनला, लढाई चाललीया, शिंप्याचं दुकान न्हाई. दोन हिवाळं सारी पलटन मला तंबू म्हनायची, वैनी. तंबू आला, तंबू गेला. आमचा कॅप्टनसायेबबी म्हनायचा. उबेला माप नसतं, ह्ये म्या त्येंनाच सांगायचो." ते थांबले. "धुवायचं कुनाला सुचलं न्हाई."

प्रभाकरने आरसा खाली ठेवला आणि कोट परत घेण्यासाठी हात अर्धवट पुढे केला. उत्तराने तो हात वरच्यावर धरला.

"छान बसलाय तुम्हांला," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर आपण काय बोलून बसलो हे तिला कळले. पौषातली ती पायरी डोळ्यांपुढून गेली. पण हवालदारांकडे पाहून शब्द मागे घेण्याचे तिच्या जिवावर आले.

"व्हय," हवालदार म्हणाले. त्यांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला आणि प्रभाकरची वळकटी खांद्यावर घेतली. "चला, साहेब. गाडी चुकंल."

प्रभाकरने दोन्ही स्वेटर एकावर एक घातले, वर रेनकोट चढवला आणि मफलर गळ्याभोवती गुंडाळला. त्याच्या अंगाला बिस्किटांचा वास येत होता. चिखलातून तिघे स्टेशनला निघाले. हवालदार सर्वांत पुढे, परेडला चालावे तसे. वाटेत दोघा-तिघांनी त्यांनाच हात जोडून "सुखरूप जाऊन या" असे सांगितले, आणि त्यांनी ते नाकारले नाही.

गाडी आली. पेटी चढली, वळकटी चढली. उत्तराने खिडकीच्या गजांतून प्रभाकरचा मफलर पुन्हा एकदा नीट केला. तिला पुष्कळ सांगायचे होते, पण तेवढ्यात हवालदार खिडकीशी आले.

"साहेब, बोटीवनं उतरल्या उतरल्या पयलं काम, एक चांगला कोट घ्या," ते म्हणाले. "उसना घेऊ नगा कुनाचा. मापाचा घ्या. तिथली थंडी लई वंगाळ."

"घेतो," प्रभाकर म्हणाला.

गाडी दिसेनाशी झाली तरी दोघे फलाटावर उभेच होते. पाऊस थांबून सगळीकडून वाफ निघत होती. हवालदारांच्या कपाळावरून घाम ओघळून मिशांत जात होता आणि मिशांतून कोटावर पडत होता.

"उकडत नाही का हो, हवालदार?" उत्तराने विचारले.

"लई उकडतंय," हवालदार म्हणाले, आणि त्यांनी वरचे बटण लावले.